बिनपॉलिशचं वाक्य

मला जर्मन येत नाही, हे मी डाळमिलच्या मालकाला तीनदा सांगितलं. मालक माझा शाळेतला वर्गमित्र. तो म्हणाला, "तुला अमेरिकन येतं ना? मग झालं. तो जर्मन माणूस इंग्रजीच बोलतो. तू फक्त मराठी करून सांगायचं." मी जळगावात परत आल्यापासून तो मला नावानं हाकच मारत नव्हता. "काय रे अमेरिका," म्हणायचा. अमेरिकेत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. पुण्यातल्या एका अमेरिकन कंपनीत सतरा वर्षं खुर्ची उबवली, एवढंच. पण तिथून जी भाषा मी तोंडात घेऊन आलो होतो ती पाहता त्याचं फार चुकत नव्हतं.

त्या कंपनीत आम्हाला शिकवलेलं की कोणाची चूक उघड्यावर वाढायची नाही. आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक. त्याला सँडविच म्हणायचे. मी त्यात इतका तरबेज झालो की पुढे पुढे माझ्या सँडविचला दोन पाव असायचे आणि मध्ये काही सापडायचं नाही. घरीही तेच. बायकोला एकदा म्हणालो, "आजच्या आमटीमागचा प्रयत्न खूपच प्रेरणादायी आहे." ती दोन दिवस बोलली नाही. शेवटी कंपनीनं मलाच सँडविच खाऊ घातलं. नऊ मिनिटांचा व्हिडिओ कॉल. समोरची बाई हसत सांगत होती की माझ्या आजवरच्या प्रवासाबद्दल सगळे किती कृतज्ञ आहेत आणि पुढच्या प्रवासाबद्दल किती उत्सुक. माझी नोकरी गेली हे मला सातव्या मिनिटाला कळलं. तरी मी दोनदा 'थँक यू सो मच' म्हणालो आणि कॉल बंद करायच्या घाईत पडद्यावर एक लाल बदामही उडवला.

तर, मिल. तिथे रंग पाहून डाळ निवडणारं जर्मन मशिन येऊन सहा महिने झाले होते. तुरीची डाळ वरून धारेनं पडते, कॅमेरा काळा दाणा हेरतो आणि बारीक नळीतून हवेची फुंकर बसून तो दाणा बाजूला उडतो. सगळा खेळ हवेचा. हे मशिन सांभाळायचे नाना. धुळ्याकडच्या खेड्यातले, बावीस वर्षं मिलचे हेड फिटर, साठीला टेकलेले, बोलणं सगळं अहिराणीत. मालकानं मशिन भारी घेतलं, पण त्याला हवा पुरवायला जुनाच कॉम्प्रेसर जोडला. नाना महिनोन्‌महिने सांगत होते की या हवेतून पाणी येतंय, हवा सुकवायला ड्रायर बसवा, नाहीतर नळ्या तुंबतील. मालक म्हणायचा, "जर्मन येऊ द्या, नाना. तो म्हणाला तर बसवू. नाही म्हणाला तर खोट तुमच्या हातात आहे असं समजू." हे तो हसत म्हणायचा. नाना हसत नव्हते. त्या वयात हेड फिटरला दुसऱ्या मिलमध्ये कोण उभं करतं?

जर्मन यायच्या दिवशी नानांनी मला गेटवरच गाठलं. "भाऊ, हवामा पानी शे. हाई तेले बराबर सांगा."

"नाना, तुम्ही काळजीच करू नका," मी म्हणालो. कंपनीत हे वाक्य आम्ही दिवसातून चाळीस वेळा वापरायचो, विशेषतः काळजी करण्यासारखं असेल तेव्हा.

जर्मन इंजिनिअर नऊ म्हणजे नऊला आला. पंचावन्नच्या आसपासचा, उंच, स्वतःची हत्यारांची पेटी स्वतः उचलणारा. दुपारी मालकानं त्याला शेवभाजी खाऊ घातली. एक घास घेऊन त्यानं चमचा खाली ठेवला आणि इंग्रजीत म्हणाला, "फार तिखट आहे. मला आवडली नाही."

"काय म्हणतो?" मालकानं विचारलं.

"म्हणतो, अशी चव जन्मात चाखली नाही."

मालकानं आणखी एक वाटी मागवली. जर्मननं वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू याला नक्की काय सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी मालकाच्या हौसेखातर मी त्याला गाडीतून रावेरकडच्या केळीच्या बागा दाखवायला निघालो. गाडीत बसता बसता मी सवयीनं विचारलं की आज तुम्ही कसे आहात, आणि उत्तराची वाट न पाहता "वंडरफुल" म्हणालो. त्यानं पट्टा लावला आणि विचारलं, "तू अमेरिकेत राहिला आहेस?"

"नाही."

"मग हे तुला कुठून लागलं?" खरूज कुठून लागली असं विचारावं तसं.

तो स्वतः तिथे तीन वर्षं राहून आला होता. पहिल्याच आठवड्यात शेजारी म्हणाला, कधीही या घरी. हा जर्मन आणि त्याची बायको रविवारी बरोबर चार वाजता केक घेऊन त्याच्या दारात. शेजाऱ्यानं दार उघडलं, ओठ हसताहेत आणि डोळे घाबरलेले. "सगळं ठीक आहे ना?" म्हणाला. दहा मिनिटं उंबऱ्याबाहेरच गप्पा झाल्या. केक मग या दोघांनी चार दिवस पुरवून खाल्ला. "आमच्याकडे या म्हटलं की लगेच डायरी काढून वेळ ठरवतात," तो म्हणाला. "बोलवायचं नसेल तर या म्हणतच नाहीत. त्यांच्याकडे 'कसे आहात' हा प्रश्न नाही, आवाज आहे. हॉर्नसारखा. एकदा मी खरं उत्तर दिलं. म्हणालो, पाठ दुखते आणि गेल्या आठवड्यात सासू वारली. दुकानातली मुलगी 'छान, छान' म्हणाली आणि पिशवी पुढे केली."

जळगावात मी आजवर किती जणांना "या की एकदा भरीत खायला" म्हटलं असेल याचा मी मनात हिशेब लावू लागलो आणि लगेच सोडून दिला.

तो बोलतच होता. भर उन्हाळ्यात खोल्या इतक्या गार की स्वेटर घालावा लागतो. बाहेर कडक ऊन, आणि कपडे वीज जाळून सुकवायचे. व्यायामशाळेत चालायला जायचं, ते गाडीतून. तीनदा भेटलेला माणूस लगेच 'माझा मित्र'. "मला मित्र तीन," तो म्हणाला. "त्यातला एक वारला."

"काय अचूक निरीक्षण आहे तुमचं," मी म्हणालो.

"हे," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "मी याच्याबद्दलच बोलतोय."

मला त्याचा राग यायला लागला होता. सगळ्या जगानं रेल्वेच्या वेळापत्रकासारखं बोलावं असं वाटणारा माणूस, त्याला कोण सहन करणार. पण मग तोच म्हणाला, एकदा रात्रभर बर्फ पडलं, तर त्याच शेजाऱ्यानं सकाळी न विचारता याच्या दारापुढचं बर्फ काढून टाकलं. "आमच्या गावातल्या शेजाऱ्यानं मला बर्फ काढलं नाही म्हणून पत्र पाठवलं असतं." मग तो मुलीवर आला. त्याची मुलगी तिकडेच राहिली होती, तिकडचाच नवरा केला होता. "पूर्वी ती चिडली की दार आपटायची. मला कळायचं. आता दर वेळी फोन ठेवताना 'लव्ह यू' म्हणते. तिचं बरं चाललंय की नाही, मला कळत नाही."

मी म्हणालो, नक्कीच उत्तम चाललं असणार. तो फैजपूर येईपर्यंत खिडकीबाहेर केळीचे ट्रक बघत बसला.

तिसऱ्या दिवशी मिलमध्ये फिरताना त्याला पॉलिशचा ड्रम दिसला. डाळीला तेल-पाण्याचा हात कशाला, त्यानं विचारलं. मी म्हणालो, चकाकी येते, बाजारात उठून दिसते. चव वाढते का? नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि आपल्या मशिनकडे गेला.

तिथे सगळे जमले होते. मालक, चहाला आलेले दोन व्यापारी, आणि चिंधीला हात पुसत उभे असलेले नाना. जर्मननं हवेच्या नळीपुढे पांढरा रुमाल धरला. रुमालावर ओला डाग पडला. मग तो माझ्याकडे वळून एकेक वाक्य सुटं करून बोलला. "हे काम वाईट आहे. हवा ओली आहे. यात या माणसाचा दोष नाही. इथे मशिन समजलेला तोच एक आहे. आधी ड्रायर बसवा, मगच मशिन चालवा."

पाच वाक्यं. माझं डोकं पहिल्याच वाक्यावर अडकलं. बावीस वर्षांच्या हेड फिटरला चार लोकांत 'काम वाईट आहे' कसं ऐकवायचं? सतरा वर्षांचं शिक्षण घशात आलं आणि मी म्हणालो, "साहेब खूश आहेत. नानांचं काम उत्तम आहे. हवेकडे थोडं लक्ष द्यायला हवं, ते काय, सावकाश करता येईल."

'सावकाश' हा शब्द त्याच्या बोलण्यात कुठेच नव्हता. तो मी पदरचा घातला.

नाना माझ्याकडे बघत राहिले. "इतलंच? तो तं भलता बोलना."

"इंग्रजीत शब्द जास्त लागतात, नाना."

"सगळं सांगितलंस?" जर्मननं विचारलं.

"अ‍ॅब्सोल्युटली," मी म्हणालो.

पुढे त्याचा चार पानी लेखी अहवालही आला. मालकानं तो न वाचता फायलीला लावला. "तू सांगितलंस ना, झालं."

दीड महिन्यात नळ्या तुंबल्या. काळे दाणे डाळीत तसेच गेले आणि दोन ट्रक माल व्यापाऱ्यानं परत पाठवला. मालकाचं गणित सरळ होतं. जर्मन म्हणाला सगळं उत्तम, मग उरलं कोण? नानांना शाल आणि नारळ देऊन मोकळं केलं. छोटासा समारंभ ठेवला, आणि मालक मला म्हणाला, "अमेरिका, तू दोन शब्द बोल. तुला छान जमतं."

मी बोललो. खोटं कशाला सांगू, छानच बोललो. नानांच्या पुढच्या प्रवासाला शुभेच्छाही दिल्या. नाना मांडीवरच्या नारळाच्या शेंडीचे केस एकेक उपटत होते.

घरी येऊन मी जर्मनला मेल टाकला. त्यात आधी त्याच्या भेटीच्या सुंदर आठवणी होत्या, मग थोडी चिंता होती, मग पुन्हा आठवणी. त्याचं उत्तर तीन ओळींचं. "मी हे त्या दिवशी सांगितलं होतं. अहवालाच्या दुसऱ्या पानावरही आहे. तू काय सांगितलंस?"

ते दुसरं पान घेऊन मी मालकाकडे गेलो. सरळ सांगायचं असं रस्ताभर घोकत होतो. खुर्चीत टेकलो आणि तोंडातून निघालं, "तुझ्यासारखा दिलदार मालक मी पाहिला नाही."

"पैसे हवेत का रे?" त्यानं विचारलं.

मुद्द्यावर यायला मला दहा मिनिटं लागली. त्यानं पान दोनदा वाचलं. त्याच आठवड्यात ड्रायर बसवला, हेही सांगायला हवं. पण नानांचं विचारलं तर म्हणाला, "नवा फिटर ठेवलाय. आता नानांना परत बोलावलं तर माझं चुकलं असं दिसेल ना."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"तुझं चुकलं ते मिलमध्ये कोणाला माहितीये? कामाला तर मीच काढलं ना त्यांना."

मग मी धुळ्याची बस धरली आणि नानांच्या गावी गेलो. ओट्यावर बसून ती पाच वाक्यं त्यांना सांगितली. पहिल्यांदाच, एकही न गाळता, एकही शब्द न चढवता. नानांनी ती सगळी ऐकली.

"पयलं वाक्य खरंच व्हतं," ते म्हणाले. "काम वाईटच व्हतं. मीच तं सांगी ऱ्हायंतू. मंग ते तुम्ही का बरं नही सांगं?"

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं मी म्हणालो. त्यावर ते उठले. आत जाऊन चहा सांगून आले.

धुळ्यातल्या एका मिलमध्ये तसंच मशिन येणार होतं. तिथल्या नोकरीसाठी नानांनी ती पाचही वाक्यं कागदावर मागितली. मी ती जशीच्या तशी टाईप केली, जर्मनकडे पाठवली आणि त्यानं त्याच दिवशी सही करून परत धाडली. नाना तो कागद घेऊन त्या मिलच्या मॅनेजरकडे गेले. 'काम वाईट आहे' एवढं वाचून मॅनेजरनं कागदाची घडी घातली. असं सर्टिफिकेट स्वतःच्या हातानं घेऊन येणारा माणूस आपण पहिल्यांदा पाहिला, असं म्हणाला.

आठ दिवसांनी नाना जळगावात माझ्या दारात. पाणी प्यायले, पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला. "भाऊ, हाऊ जर्मनवाला ऱ्हाऊ द्या. तुमना अमेरिकावाला लिखी द्या."

दहा मिनिटांत लिहून झाला. एकदाही अडलो नाही. अत्यंत कुशल, उत्साही, सर्वांना सोबत घेऊन चालणारे, नव्या तंत्रज्ञानाची जन्मजात ओढ असलेले. त्यावर मालकाची सही आणली. त्यानं ती फार आनंदानं केली. नानांनी मला तो मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. शांतपणे ऐकला.

"हाऊ मानूस कोन शे?" त्यांनी विचारलं, आणि कागद खिशात घातला.

धुळ्याच्या त्याच मिलमध्ये नानांना नोकरी लागली. महिन्याभरानं मी फोन केला, तेव्हा मागून मिलचा खडखडाट ऐकू येत होता. कसं चाललंय विचारलं आणि या वेळी उत्तराची वाट पाहिली.

"मशिन चांगलं शे," नाना म्हणाले. "हवा इथंबी वलीच शे."

"मग मालकाला सांगितलं का?"

"नही, भाऊ. आते माले नोकरी करनी शे."