सोळा आणि सतराच्या मध्ये

कचेरीत त्यांना सगळे पट्टीमास्तर म्हणत. शिकवले त्यांनी कुणालाच नव्हते. छापील ओळीखाली पोलादी फूटपट्टी धरायची, ओळ वाचायची, तिच्यात सांगितले असेल तेवढेच संगणकावर करायचे आणि मगच पट्टी खाली सरकवायची, हे त्यांचे काम. सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्याची माहितीपुस्तिका ते तपासत. ती वाचून अनोळखी माणसाला काम जमेल की नाही, हे त्यांच्या सहीवर ठरे.

पट्टी जुन्या कारखान्यातली होती. तिथे ते पत्रा कापणाऱ्या प्रेसवर होते. यंत्राशेजारच्या फलकावर सगळ्या सूचना होत्या, एक सोडून: पत्रा अडकला तर आधी वीज बंद करा. ती सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी लिहिली नव्हती. पट्टीमास्तर तिथे नवे होते. उजव्या हाताची दोन बोटे गेली. तेव्हापासून त्यांचा एकच हेका: "आपल्याला काय येतं ते विसरायचं. कागद सांगतो तेवढंच करायचं."

बसून करायचे असले तरी हे मेहनतीचेच काम. दिवसाला तीस पाने, त्यापुढे नाही. त्यापुढे माणूस वाचत नाही, आठवतो.

गेल्या वर्षी एका पुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली. कंपनीत नोकरीला असलेल्यांना आतल्या बातम्या आधी कळतात. अशा माणसाने त्याच कंपनीचे शेअर घेतले किंवा विकले, तर हे सॉफ्टवेअर त्या व्यवहाराला शून्य ते शंभर गुण देई. ऐंशीच्या वर गुण म्हणजे संशय, आणि संशय म्हणजे चौकशी. पहिल्या दोन्ही आवृत्त्या पट्टीमास्तरांनीच तपासल्या होत्या.

विभागाच्या मॅडम टेबलाशी आल्या. "मास्तर, आज संपवाल ना? उद्या सकाळी द्यायचीय."

"चव्वेचाळीस पानं आहेत."

"तुम्हाला काय हो, तोंडपाठ असेल."

"तेच तर वाईट," ते म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. संध्याकाळी सही केली.

पाच महिन्यांनी तक्रार आली. हे सॉफ्टवेअर घेतलेल्या एका कंपनीत भांडार सांभाळणाऱ्या बाईंनी आपल्याच कंपनीचे शेअर विकले होते. आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी विक्रीची तारीख त्यांनी आठ महिने आधी लेखी देऊन ठेवली होती. विक्री झाली आणि दोनच दिवसांत कंपनीबद्दलची वाईट बातमी फुटली. सॉफ्टवेअरने त्र्याण्णव गुण दिले. विक्रीची रक्कम अडकली, बाईंना घरी बसवले. अशा आधी ठरलेल्या विक्रीसाठी पडद्यावर एक चौकट असते. तिच्यात खूण केली की गुण दहा-बारावर येतात. खूण कुणी केली नव्हती. कंपनीचे म्हणणे, आम्ही पुस्तिकेप्रमाणे केले.

पट्टीमास्तरांनी पुस्तिका काढली. सोळावी पायरी: व्यवहाराची तारीख भरा. सतरावी: गुण पाहा. जुन्या आवृत्तीत या दोहोंच्या मध्ये चौकटीची ओळ होती. पाने कमी करताना कुणीतरी ती उडवली होती.

मग त्यांनी आपली तपासणीची वही काढली. प्रत्येक कृतीपुढे पानाचा आणि ओळीचा आकडा टाकायची त्यांची शिस्त. 'चौकटीत खूण केली,' असे त्यांच्याच अक्षरात होते. पुढे आकडा नव्हता. वरच्या नोंदीपुढे पान होते सदतीस.

ओळ नव्हतीच. हाताला ठाऊक होते, हाताने करून टाकले.

मॅडमनी खुर्ची ओढली. "मास्तर, एवढंच लिहून द्या. चौकट समोरच दिसते, पुस्तिका पुरेशी आहे, चूक वापरणाऱ्याची."

"वापरणाऱ्याला कसं कळावं?"

"अहो, हे कुणालाही कळतं!"

पट्टीमास्तरांनी उजवा हात टेबलावर ठेवला. "आमच्या फोरमनचंही हेच म्हणणं होतं."

मॅडमनी नजर वळवली. "तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात माझ्याकडेच येतं सहीला. दोन वर्षं तर राहिलीत. कशाला पायावर धोंडा मारून घेता?"

घरी त्यांनी बायकोला सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"लिहाल खरं, आणि मग? दिवसभर घरात माझ्या डब्यांना पट्टी लावत फिराल."

"त्या बाईही घरीच बसल्यात."

तिचे हात थांबले. "तुमच्या एकट्याचीच चूक का? ओळ उडवणारा मोकळाच की."

"उडवलेलं पकडायलाच तर मला ठेवलंय."

"मग मला विचारताय कशाला? ठरलंय तुमचं. तो शर्ट द्या इकडे, बटण लोंबतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिले: 'पुस्तिकेत ही ओळ नाही. तपासताना ती कृती मी न वाचता, सवयीने केली. सही माझी.' वहीच्या पानाची प्रत जोडली. मॅडम हा कागद दाबून ठेवतील हे ओळखून एक प्रत आधीच त्या कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्याला आणि एक तक्रारीतल्या पत्त्यावर बाईंना टाकली.

कुणी आवाज चढवला नाही. महिन्याअखेरीस कंत्राटावर सही झाली नाही, एवढेच. फाटकावर पहारेकऱ्याने ओळखपत्र मागून घेतले. पट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही कचेरीची का?"

"माझी आहे. बोटं देऊन घेतलीय," पट्टीमास्तर म्हणाले. पहारेकरी हसला. ते हसले नाहीत.

तीन आठवड्यांनी बाईंचे पत्र आले.

'तुमचा कागद पोचला. माझ्यावरची चौकशी बंद झाली. माझ्या जागी दुसऱ्याला घेतले आहे. पैसे सुटेपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली, आई आता अंथरुणावरून उठत नाही.'

पट्टीमास्तरांनी पत्र टेबलावर सपाट केले आणि पहिल्या ओळीखाली पट्टी धरली. एकेक ओळ वाचून मगच ती खाली सरकवली. मध्ये काही सुटलेले नव्हते.