मामाच्या स्वयंपाकघराची फरशी

माझा मामा जन्मभर दुसऱ्यांच्या घरी टाइल्स बसवत आला. स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी तो कामावर उरलेल्या टाइल्स साठवत होता. सगळ्यांवर भोवऱ्यासारख्या वळलेल्या पाकळ्यांचं फूल. बसवायला घेतल्यावर लक्षात आलं, निम्म्यांच्या पाकळ्या उजवीकडे वळतात, निम्म्यांच्या डावीकडे.

मामाने एक टाइल फिरवून पाहिली. चारही बाजूंनी फिरवली, तरी पाकळ्यांचं वळण तेच राहिलं.

"अहो, चक्कर येईल तिला," मामी दारातून म्हणाली. "गेली वाटतं माझी एकाच वळणाची फरशी?"

"थांब गं जरा."

सममितीचं गणित इथे हट्टी आहे. कितीही फिरवा, फिरवण्यातून आरशातलं रूप मिळत नाही. आणि टाइल उलटी केली, तर फूलच सिमेंटमध्ये जातं.

वैतागून मामाने डाव्या वळणाची टाइल उजव्या वळणाच्या टाइलला खेटून ठेवली. सांध्यावर पाकळ्या समोरासमोर आल्या, जणू मध्ये कुणी आरसा धरला होता. मग तो एकीआड एक मांडत दारापर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी मामी अनवाणी फिरली.

"एकाच वळणाची हवी होती ना तुला?"

"राहू द्या. कुठूनही बघितलं तरी सारखीच दिसते," म्हणत तिने चहाचं आधण ठेवलं.