भिंतीला टेकवलेला पाट

देवाशी माझं बोलणं बंद होतं, तेव्हाची ही हकिकत आहे. माझं पहिलं मूल तापात गेलं. त्याच्यासाठी मी नवस, उपास, प्रदक्षिणा, जो कोणी जे सांगेल ते सगळं केलं होतं. त्यानंतर सासूबाईंच्या धाकानं रोज रेणुकामातेपुढे दिवा लावत असे, पण हात जोडल्यावर मनात काहीच म्हणत नसे. भोवतालच्या बायका मला श्रद्धाळू समजत, आणि मी तसं समजू देत असे. आतून कोरडी झाले होते, तरी एक खोड मात्र जशीच्या तशी शिल्लक होती, ती म्हणजे चौकशीची. कोण कुठे गेलं, कशाला गेलं, कधी परत येणार, हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नसे. आई म्हणायची, "हिला उंबऱ्यावर बसवली की गल्लीला राखणदार नको."

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अॅक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही जिंतूरला राहत होतो. आमचे हे शाळेत मास्तर. रेल्वे गाठायची तर परभणीला जावं लागे आणि सरकारी मोटारीचा भरवसा नसे. पण गावात हुसेनभाईंची एक जुनी खासगी मोटार होती. ती रोज सकाळी गल्लीगल्लीत फिरून ज्याला त्याला दारातून उचलायची, परभणीत ज्याला त्याला हव्या त्या दारात सोडायची आणि दुपार कलली की तिथून पुन्हा गोळा करून आणायची. बायकामाणसांना आणि म्हाताऱ्यांना तिचा मोठा आधार होता.

या मोटारीची पायरी फार उंच. लुगडं सावरून वर चढणं जमायचं नाही, म्हणून बायका घरातला जेवायचा पाट बाहेर आणून त्यावर पाय देऊन चढत. होता होता अशी रीतच पडली की ज्याला उद्या जायचं आहे त्यानं संध्याकाळी आपल्या दारात भिंतीला पाट टेकवून ठेवायचा. दोघं जाणार असतील तर दोन पाट. दिवेलागणीला हुसेनभाई सायकलवर चक्कर मारून पाट बघून जात आणि तेवढ्या जागा धरत. जागा भरल्या की नंतर आलेल्याला, मग तो कितीही मोठा असो, साफ नाही म्हणत.

त्या दिवसांत हे कामासाठी नांदेडला गेले होते. माझी मंगल चार वर्षांची. दोन दिवस तिचा घसा दुखत होता, अंगात कणकण होती. सासूबाई म्हणाल्या, घशातली पडजीभ खाली आली आहे, उद्या ती बोटानं वर उचलणाऱ्या बाईकडे नेऊ. मला ते पटत नव्हतं, पण तसं म्हणण्याइतकं बळही नव्हतं. उजाडलं तेव्हा मंगलच्या श्वासाला करवतीसारखा आवाज येऊ लागला होता. मी तिला मांडीवर घेऊन देवघरासमोर बसले, पण एक शब्द ओठांवर येईना. मागे एकदा मागून पाहिलं होतं, मिळालं नव्हतं. पुन्हा मागायची भीती वाटत होती, हे आज कबूल करते.

तेवढ्यात दारात भोंगा वाजला. सासूबाईंनी दार उघडलं.

"चला बाई, कोण येणार?" हुसेनभाईंनी विचारलं.

"आमच्याकडचं कोणी नाही जात," सासूबाई म्हणाल्या.

"असं कसं? पाट हाय की भायेर. काल पाट बघून जागा धरली मी. चौकातल्या शेटजीला न्हाई म्हणलो."

मी मंगलला तशीच खांद्यावर घेऊन बाहेर आले. खरोखरच आमच्या भिंतीला एक पाट टेकवलेला होता. मी काही बोलणार तोच हुसेनभाई खाली उतरले. त्यांनी मंगलच्या तोंडाजवळ कान नेला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यो आवाज मला माहीत हाय," ते हळू म्हणाले. "माझी बेटी अशीच गेली. घसा बंद व्हायलाय बाई. पडजीभ न्हाई ही. आता सोचत बसू नका, त्याच पाटावर पाय द्या अन् बसा."

मी अंगावरच्या लुगड्यानिशी चढले. आत सगळी बाकं भरलेली होती आणि मधे नेमकी एका माणसापुरती जागा रिकामी होती. परभणीत दारं घ्यायचा क्रम ठरलेला असे, आणि त्या दिवशी पहिलं दार कोर्टाचं होतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची तारीख होती. वाटेतलं बोरी गाव मागे पडलं, मंगलचे ओठ निळसर दिसू लागले, तेव्हा तोच म्हणाला, "हुसेनभाई, आधी दवाखाना घ्या. माझी तारीख वीस वर्ष चालायलीय, आजून एक पडली तर काय बिघडतंय?" हुसेनभाईंनी मान डोलावली आणि मोटार आणखी जोरात सोडली.

त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत मोटार आपटत होती आणि प्रत्येक धक्क्याला मी मंगलचा पुढचा श्वास ऐकत होते. करण्यासारखं माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. तेव्हा कधीतरी माझ्या मनात शब्द उमटले, "आई, आता तू बघ." मागणंही नव्हतं ते. फक्त मूठ उघडावी तसं झालं, आणि मला रडू फुटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी घसा बघताच घटसर्प म्हणून सांगितलं आणि लगेच इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत थांबला असतात तर उपयोग नव्हता, असं ते नंतर म्हणाले. आठवड्यानं हुसेनभाईंनी आम्हा मायलेकींना परत आमच्या दारात आणून सोडलं.

आता माझी चौकशी सुरू झाली. पाट कोणी ठेवला? आमच्या घरात चार पाट आणि चारही फडताळात जागच्या जागी. सासूबाईंना प्रश्नच पडला नव्हता. त्यांनी तो पाट धुऊन, हळदकुंकू वाहून थेट देवघरात मांडला होता. "देवीनं ठेवला," एवढं बोलून त्या मोकळ्या झाल्या. मी मात्र गल्लीत घरोघर विचारून आले. फक्त एका दारात गेले नाही, शेजारच्या गोदाबाईंच्या.

गोदाबाई एकट्या विधवा. दोन शेळ्यांवर गुजराण. त्यांचं दार आमच्या भिंतीला लागून असलेल्या अरुंद बोळात होतं. आमच्या मोरीचं पाणी त्या बोळात जातं म्हणून पूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तेव्हापासून बोलचाल बंद. त्यातून आताशा त्या समोरून आल्या तरी माझ्याकडे बघतसुद्धा नसत. मला वाटे, बाईला केवढा ताठा. लेकरू मरणाच्या दारातून परत आलं, तरी एका शब्दानं विचारत नाही. हे मी दहाजणींना बोलूनही दाखवलं.

मुलांना मात्र मोठ्यांची भांडणं समजत नाहीत. मंगल शेळीच्या करडांपायी त्यांच्याकडे जाऊ लागली. जवळजवळ वर्ष झालं असेल. एके दिवशी ती जेवताना म्हणाली, "गोदाकाकू भुईवरच बसून जेवती. तिचा पाट आपल्या देवात बसलाय म्हणती."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी खरकट्या हातानं उठून बोळात गेले. गोदाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. डोळ्यांनी नव्हे, एकेक दाणा बोटांनी चाचपून. माझी चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडेच गेली. ताठा नव्हता तो. त्यांना मी दिसतच नव्हते.

"पाट तुमचा होता?" मी विचारलं.

"व्हय. बोळात मोटार येत न्हाई, म्हणून तुमच्या भिंतीला टेकवला. इचारायला पायजे होतं, पण आपलं बोलणं न्हवतं."

"तुम्हाला कुठं जायचं होतं?"

"डोळ्याचा डागदर वर्षातून एकदा परभणीला येतो न्हवं, त्याच्याकडं. मोतीबिंदू हाय."

"मग त्या सकाळी बाहेर का नाही आलात?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "गाठोडं घिऊन दाराआड हुबीच व्हते. लेकराचा श्वास भिंतीतून ऐकू यायला होता. मी भायेर आले असते तर पाट कुणाचा ते कळलं असतं. तुमी मास्तरीणबाई, रीतभात पाळणाऱ्या. मागं सरला असता. म्हणून गप बसले."

"वर्षभर काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं त्यात? डागदर फिरून येतो. लेकराचा श्वास फिरून येत न्हाई."

मी तिथेच मातीत बसले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. कृतज्ञतेइतकीच शरमही होती त्यात. ज्या बाईनं माझ्या मुलीसाठी आपली दृष्टी वर्षभर अंधारात ठेवली, तिलाच मी गर्विष्ठ म्हणून गावभर बदनाम केलं होतं.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या उठल्या आणि स्वतः तो पाट देवघरातून उचलून बोळात घेऊन गेल्या. पण गोदाबाई त्यावर बसायला तयार होईनात. "हळदकुंकू लागलेल्या पाटावर कशी बसू? पाप लागंल." शेवटी आमच्या फडताळातला एक पाट त्यांना दिला. मोरीचं पाणी दुसरीकडे वळवायचं कामही त्याच आठवड्यात झालं, जे सहा वर्षं कोणाला सुचलं नव्हतं.

पुढच्या खेपेला डोळ्यांचे डॉक्टर आले तेव्हा मीच गोदाबाईंना हुसेनभाईंच्या मोटारीनं घेऊन गेले. पाट देवीनं ठेवला की गोदाबाईंनी, हे मला आजही कोणी विचारतं. इतकी चौकशी करणारी मी, पण यात दोन वेगळी उत्तरं मला दिसत नाहीत. त्या मोटारीत मी मूठ उघडली ती हातात काहीच उरलं नव्हतं म्हणून. गोदाबाईंनी हातात आलेलं आपण होऊन सोडलं आणि कोणाला कळूही दिलं नाही. शरण जाणं म्हणतात ते मी त्यांच्याकडून शिकले, आणि अजून मला ते पुरतं आलेलं नाही.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांवरची पट्टी सोडली त्या दिवशी मंगल माझ्यासोबत होती. गोदाबाई आधी उजेडाकडे बघून डोळे मिचकावत राहिल्या. मग त्यांनी मंगलला जवळ ओढलं, तिची हनुवटी वर केली आणि गळ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "काई खूण बी न्हाई ऱ्हायली की गं."