बारा सेकंदांचं तेल

साळवेभाऊंनी वर्तमानपत्राची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे बघा मॅडम, तुमच्या तेलाची करामत."

पुडीत बेअरिंग होती. इंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्या अर्धगोल पत्र्यांमध्ये फिरतो त्या. नव्या असताना करड्या दिसतात. या तांबूस पडल्या होत्या, आणि एक पत्री वितळून दुसरीवर चढून बसली होती. तेलाचा थर तुटला आणि धातूला धातू घासला की असं होतं. तेल मी सुचवलेलं होतं.

मी वाळूजला एका लुब्रिकंट कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला आहे. बाकीचे तेल विकतात, मी तेलाच्या तक्रारी ऐकते. ट्रक, ट्रॅक्टर, कारखान्यांचे गिअरबॉक्स. ड्रॅग रेसिंगची गाडी मात्र माझ्या वाट्याला ही एकच आली. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्ता, दोन गाड्या, चारशे मीटर. आधी पोचेल तो जिंकला. साळवेभाऊंनी चार वर्षं खपून एक जुनी सेडान हे अंतर बारा सेकंदांत कापेल अशी बांधली होती. कापेल अशी म्हणायचं, कारण कापलं एकदाही नव्हतं.

गाडी चालवतात त्यांच्या बायको, मंगलताई. आधी स्कूल व्हॅन चालवायच्या. भाऊ सांगतात, "तिचं वजन कमी हाय, म्हणून तिला बसवली." ताईंचं म्हणणं वेगळं. "हिरवा दिवा लागला की ह्यांचा पाय आधी विचार करतो," असं त्या मला नवऱ्यासमोरच म्हणाल्या होत्या. दोन स्पर्धा झाल्या. दोन्ही वेळा इंजिन शेवटच्या पाटीच्या अलीकडं बसलं आणि ताई गाडी ढकलत परत आल्या.

पहिल्या वेळी बाजारातलं साधं तेल होतं, म्हणून भाऊ माझ्याकडं आले. मी मोठ्या ऐटीत २०डब्ल्यू-५० रेसिंग तेल लिहून दिलं. यातला पहिला आकडा तेल थंडीत कसं वाहतं ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावर किती दाट राहतं ते. दुसऱ्या वेळी तेच तेल होतं. आता पुडी टेबलावर होती.

"क्रँक परवा दुसऱ्यांदा घासून बारीक करून आणला," भाऊ म्हणाले. "आता ह्याला शेवटच्या मापाचं बेअरिंग बसतंय. त्याच्या पुढचं माप येतच नाय. दुसरा क्रँक कुठंच मिळंना, दिल्लीपस्तोर विचारून झालं. आता बेअरिंग गेलं की गाडी भंगारात. अकरा दिवसांवर रेस हाय. सांगा, काय टाकू?"

शेजारच्या केबिनमधून आमचे देशमुख सर आले. त्यांनी पुडीत डोकावून लगेच निकाल दिला. "आपलं साठ नंबरचं द्या. सगळ्यात जाड. विषय संपला."

"सर, गाडी बारा सेकंद पळते. तेल तापायच्या आत शर्यत संपते. ते काकवीसारखं तेल पंप उचलणार कधी आणि बेअरिंगला पोचणार कधी?"

"मग पातळ द्या."

"आधी जुनं तपासते."

"तपासा. पण काहीतरी द्या. गाडीवर आपला स्टिकर आहे."

इंजिनातून काढलेलं तेल भाऊंनी पाण्याच्या बाटलीत भरून आणलं होतं, हे त्यांचं शहाणपण. मी झाकण उघडलं आणि नाकानंच अर्धी टेस्ट झाली. पेट्रोलचा वास. मशीननंही तेच सांगितलं. दाटपणा अठराच्या आसपास हवा, तो अकरावर आला होता. फ्लॅश पॉइंटही घसरला होता. तेल तापवत नेलं की एका ठरावीक तापमानाला त्याची वाफ ज्योतीला धरते, तो फ्लॅश पॉइंट. पेट्रोल मिसळलं की तो खाली येतो. एवढं पातळ झालेलं तेल बेअरिंगला काय सांभाळणार?

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तेल निर्दोष होतं. मी लगेच भाऊंना फोन लावला.

"तुमचे इंजेक्टर गळतायत. पेट्रोल तेलात उतरतंय."

"नाय गळत. बेंचवर लावून बघितले, दोनदा."

"मग तेल टाकल्यावर गाडी किती चालवली?"

"चालवलीच नाय. ट्रेलरवर गेली, ट्रेलरवर आली. रेसची एक फेरी तेवढी, तीबी अर्धवट. धा सेकंद भरत्याल का नाय."

दहा सेकंदांत एवढं पेट्रोल तेलात उतरत नाही. माझा आनंद मावळला. मी भाऊंना म्हटलं, उद्या येऊन बसते.

त्यांचं गॅरेज पैठण रोडला आहे. मी दहा वाजता पोचले. इंजिन बांधून तयार होतं, गाडी मधोमध उभी होती. मी वही उघडते न उघडते तोच कन्नडहून भाऊंचे कोणी पाव्हणे आले. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "दाजी, जरा आवाज ऐकवा की."

भाऊंनी किल्ली फिरवली. आवाज असा की माझ्या हातातली वही थरथरली. भाऊंनी दोन-तीनदा ॲक्सिलरेटर दाबला, पाव्हण्यांनी मान डोलावली, इंजिन बंद. पुढं वैजापूरचा एक कांद्याचा व्यापारी टेम्पोचा क्लच दाखवायला आला. त्यालाही आवाज. मग शेजारचे वेल्डर, त्यांच्याबरोबर त्यांचे सासरे. बारा वाजेपर्यंत गाडी पाच वेळा सुरू झाली आणि एक इंचही हलली नाही.

"ताई, हे रोज असंच चालतं?" मी विचारलं.

"रोज. पाव्हण्याला चहा एकवेळ चुकंल," मंगलताई म्हणाल्या, "आवाज नाय चुकायचा."

मग सगळं जुळलं. अशा इंजिनाचे इंजेक्टर मोठे असतात. थंड असताना ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल ओततात. रेसिंगचे पिस्टन थंडीत जरा सैलच असतात, त्यामुळं न जळलेलं पेट्रोल कडेनं खाली तेलात उतरतं. तुमच्या-आमच्या गाडीतही थोडं उतरतं, पण आपण गाडी तासभर चालवतो, तेल तापतं आणि पेट्रोल उडून जातं. या गाडीचं तेल कधी तापतच नव्हतं. शर्यतीला पोचेपर्यंत ते तेल पाव्हण्यांनीच संपवलेलं असायचं.

आणि त्या पाव्हण्यांत मीही होते. दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आले तेव्हा मीसुद्धा हौसेनं आवाज ऐकला होता. एकदा नाही, दोनदा, कारण पहिल्या वेळी फोनवर रेकॉर्डिंग नीट आलं नव्हतं. हे मी भाऊंना सांगून टाकलं. लाज वाटली, पण सांगितलं.

भाऊंनी बॉनेट खाली ओढून लावलं. मग म्हणाले, "म्हणजे कोणतं तेल टाकू?"

"तेच."

"तेच?"

"तेच २०डब्ल्यू-५०. पण रेसच्या सकाळी ताजं टाकायचं, दर दोन फेऱ्यांनी बदलायचं. टाकायच्या आधी डबे गरम पाण्यात ठेवायचे, रेडिएटरमध्येही गरम पाणी भरायचं. म्हणजे थंड इंजिन घुमवत बसायला नको. आणि तोवर आवाज बंद."

तेलाचं त्यांनी लगेच मान्य केलं. आवाजाशी येऊन अडले. "माणूस एवढ्या लांबून येतं मॅडम. त्याला तसंच पाठवायचं?"

"व्हय," ताई म्हणाल्या आणि गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

देशमुख सरांना हे पटलं नाही. "म्हणजे आपण नवीन काहीच देत नाही?" त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं. त्या रात्री मी रिपोर्टचे आकडे पुन्हा तपासले. माझं चुकलं तर मंगलताईंना पुन्हा गाडीत बसता येणार नव्हतं.

स्पर्धा एका जुन्या धावपट्टीवर होती. ताईंनी घरची बादली आणि पाणी तापवायचा हीटर आणला होता. सकाळी आठला डबे बादलीत बसले, आठ चाळीसला तेल इंजिनात गेलं. तेवढ्यात देशमुख सर दोन डीलर घेऊन आले.

"साळवे, जरा आवाज ऐकवा यांना. एकदाच."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी साहेबांकडं बघितलं आणि तेलाचे रिकामे डबे गोळा करायला लागले, बावीस वर्षांची नोकरी आहे शेवटी. ताई हेल्मेटचा पट्टा आवळत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"साहेब, तिकडं शेवटच्या पाटीपाशी जाऊन उभं राहा. तिथं ऐकू येईल."

साहेब गेले. दुसरं काय करणार?

पहिली फेरी. हिरवा दिवा लागला आणि गाडी सुटली. तीनशे मीटरवर, जिथं दोन्ही वेळा इंजिन बसलं होतं, तिथं भाऊंनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. गाडी पाटी ओलांडून गेली आणि इंजिन चालूच होतं. दुसरी फेरी ताई जिंकल्या. तिसरीत एका लाल गाडीनं त्यांना गाडीच्या अर्ध्या लांबीनं मागं टाकलं आणि आमची स्पर्धा संपली.

आम्ही ऑइल फिल्टर कापून आतला कागद उन्हात धरला. बेअरिंग झिजलं की त्यावर चमचम दिसते. कागद काळा होता, नुसता काळा. भाऊ खाली बसले आणि रडले. मी फिल्टरचा फोटो काढला.

ताई पाणी पीत होत्या. "हरल्याचं वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

"नाय ओ. ती पाटी आज पयल्यांदा जवळनं बघितली," त्या म्हणाल्या. "लांबून वाटायची त्यापेक्षा लहानच हाय."

त्यानंतर मी आमच्या तक्रारीच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवला: काम नसताना इंजिन कधी कधी सुरू करता? पहिला भरलेला फॉर्म गेल्या आठवड्यात आला, जालना रोडच्या एका बुलेट मेकॅनिकचा. त्यानं लिहिलंय, 'कधीच नाही.' गुरुवारी त्याच्या गॅरेजवर जाऊन दोन तास बसणार आहे.