रोझ-आल्माची नऊ झाकणं

१९४३ साली कॅनडातल्या सोरेलच्या कारखान्यात नवी तोफगाडी बनू लागली. तिचं इंग्रजी नाव 'सेक्स्टन' आहे हे कळलं आणि वेल्डिंगच्या बायकांनी रोझ-आल्मा पेलोकँला चिडवून हैराण केलं. सेक्स्टन म्हणजे चर्चमध्ये घंटा वाजवणारा, झाडलोट करणारा आणि कबरी खणणारा माणूस. तिचे वडील तीस वर्षं हेच काम करत होते.

"बापाच्या नावाची गाडी बांधतेस गं," शेजारची फ्लोरिदा म्हणाली. "पण कबरी खणणाऱ्याचं नाव, आणि आत बसणार आपलीच पोरं!"

"घंटाही तोच वाजवतो. तुझ्या लग्नात वाजवली तेव्हा नव्हतं अशुभ वाटलं?"

"आता वाटतंय," फ्लोरिदा म्हणाली. नवऱ्यावरून ती नेहमीच अशी बोलायची.

गाडी मात्र रोझ-आल्माला मनापासून आवडली होती. खालचा सांगाडा कॅनडाच्या रणगाड्याचा, वर इंग्रजांची तोफ. आधीची अमेरिकन गाडी वाईट नव्हती, पण तिचे गोळे वेगळे, त्यामुळे रसदीची ओढाताण व्हायची. या गाडीला छप्पर नव्हतं आणि आत सहा माणसं दाटीवाटीनं उभी राहायची. तिचा एकुलता एक भाऊ गेदेओं अशाच गाडीत गोळे भरायला इंग्लंडला गेला होता. आपला वेल्डिंगचा टाका सुटणार नाही याबद्दल तिला शंका नव्हती, आणि दुसऱ्या कुणी ती घेतलेली खपत नसे.

ऑक्टोबरात हार्कनेस नावाच्या तपासनीस साहेबानं गोळ्यांच्या पेटीचं झाकण उलट्या बाजूनं उघडेल असं बसवायला सांगितलं. जोडायला सोपं, एवढंच कारण. नऊ गाड्यांना तशी झाकणं लागली. दहावीच्या वेळी मात्र रोझ-आल्मा थांबली. लहानपणी ती वडिलांबरोबर घंटेचा दोर ओढायची, आणि घंटा परत कुठे येणार ते आधी बघायचं, हे त्यांनी तिच्या हाडीमासी भिनवलं होतं. ही तोफ गोळा सुटला की फूटभर मागे यायची. आता गोळा काढणाऱ्याचा हात नेमका तिथंच जाणार होता.

"साहेबांची सही आहे," मुकादम तेओदुल म्हणाला. "पोरी, डोकं नको चालवूस, वेल्डिंग चालव."

"हात माझ्या भावाचा जाईल, मुकादम. बोलवा साहेबांना."

साहेब आला. रोझ-आल्मानं त्याला अदबीनं गाडीत चढवलं आणि फ्लोरिदाला तोफेच्या बाजूला फळी धरून उभं केलं. साहेब गोळा काढायला वाकला. "फायर," रोझ-आल्मा म्हणाली. तोफ येते तशी फळी फूटभर मागे आली आणि साहेबाच्या कोपरावर बसली.

"पुन्हा?" तिनं विचारलं.

तो भला माणूस होता. त्यानं चार वेळा करून पाहिलं, आणि चारही वेळा फळी कोपरावरच बसली.

"आधीच्या नऊ कुठे आहेत?" साहेबानं विचारलं.

"मालगाडीवर," तेओदुल म्हणाला. "दोनला सुटेल."

साहेब स्वतः धावत स्टेशनात गेला आणि मालगाडी रोखून धरली. मग भर वाऱ्यात, उघड्या वाघिणींवर चढून, दोघी बायका एकेक झाकण कापून फिरवून बसवू लागल्या. सहाव्या तोफगाडीपाशी साहेब आला आणि, त्याला फ्रेंच येत नसल्यानं, तेओदुलमार्फत म्हणाला, "भावाची गाडी कुठली ते सांग, ती मी स्वतः तपासतो."

"मला कुठं माहितीय?" रोझ-आल्मा म्हणाली आणि सातवीवर चढली.