रविवारच्या आत पलंग

माझी धाकटी बहीण दुसऱ्यांदा सासर सोडून आली तेव्हा तिच्या डाव्या हाताची दोन बोटं पट्टीत होती. दारात सापडली, म्हणाली. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हाही दारातच सापडली होती. एका बाईची बोटं एकाच दारात किती वेळा सापडतात, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारलं नाही. न विचारण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही.

पहिल्या वेळी मीच तिला परत पाठवलं होतं. उस्मानपुऱ्यात आमची दहा बाय नऊची एक खोली आणि मागं स्वयंपाकघर. त्यात आई, बायको आणि मी. मी तिला म्हणालो होतो, "तू बघतीसच, इथं पाय पसरायला जागा नाय." ते खोटं नव्हतं, म्हणून बोलायला सोपं गेलं. ती सासरी जायला पैठणच्या बसमध्ये बसली आणि मी मोठ्या शहाण्यासारखा सेकंड शिफ्टला निघून गेलो.

या वेळी ती स्वयंपाकघरात सिलेंडरशेजारी पाय मुडपून झोपायची. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण असं गुंडाळून ठेवायची की इथं कुणी झोपलं होतं हे कळूच नये. सोमवारी तिच्या चुलत सासऱ्यांचा फोन आला. रविवारी चार माणसं घेऊन न्यायला येतो, म्हणाले. आईनं 'या' म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी ओटीसाठी खण-नारळ आणून ठेवला. मी आईवर चिडलो, पण मनातल्या मनात. 'येऊ नका' म्हणायचं तर पोरीला ठेवायचं कुठं, हे मला तरी कुठं सांगता येत होतं?

तोड काढली ती बायकोनं. भाकरी थापता थापता म्हणाली, "खाली जागा नाय, पण वर हाय की." बांधकाम जुनं, स्लॅब चांगला साडेदहा फुटांवर. साडेसहा फुटांवर लाकडी पलंग घातला तर खाली माणूस सरळ उभा राहील आणि वर चार फूट उरतील. मी तिच्याकडं बघतच राहिलो. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

गल्लीतले म्हातारे सुतार मिस्त्री लग्नसराईच्या कामात अडकलेले. आठ दिवस हात मोकळा नाही म्हणाले. मी पाया पडायचाच बाकी राहिलो होतो. शेवटी त्यांनी आपलं ड्रिल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "खिळे नक्को ठोको भाई, बोल्ट डालो. पलंग हिला तो सोनेवाला डरता."

वखारीतून चार जाड खांब आणले. मशिनी ज्या पेट्यांतून येतात त्यांच्या फळ्या वाळूजच्या भंगारवाल्याकडून आणल्या. मी कंपनीत तपासणी खात्यात आहे, केसाएवढा फरक पडला तरी माल परत पाठवतो. पण लाकूड ही चीज वेगळी. शिफ्ट सुटली की घरी येऊन मी कापत होतो, घासत होतो, चुकत होतो. बसल्यावर डोकं कुठवर जातं ते बघायला बहिणीला भिंतीला टेकून बसवलं आणि टेप लावला. ती म्हणाली, "कशाला मोजतो दादा? रविवारपर्यंतच तर झोपायचंय. आडवं होण्यापुरतं कर."

ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच तिच्या हिशेबात नव्हतं. ती जाणारच होती. मी तिला सांगायला हवं होतं, की तू जायचं नाहीस, म्हणून हे चाललंय. मी म्हणालो, "सरळ बस जरा."

गुरुवारी भोक पाडताना एक खांब वीतभर चिरला. शुक्रवारी वखार बंद. मी भुशात बसकण मारली आणि हातोडी फेकून दिली. आता काही होत नाही, असं मला अगदी खरोखर वाटलं. दुपारी नमाज पढून येताना मिस्त्री डोकावले. चिरलेल्या खांबाला त्यांनी दोन लोखंडी पट्ट्या आवळल्या, वर आडवं लाकूड बसवलं आणि त्या वयात दोन्ही हातांनी त्याला लोंबकळून दाखवलं.

शनिवारी संध्याकाळी पलंग उभा राहिला, त्याला शिडी टेकवली. मी वर जाऊन गुडघ्यांवर उड्या मारल्या, बायकोनं खालून धक्के दिले. हलला नाही. बहीण वर जाऊन झोपून बघून आली. कसं वाटलं विचारलं, तर "चांगलंय" म्हणाली. पाहुण्यानं जेवण झाल्यावर म्हणावं तसं. मी आशा सोडली.

रविवारी ते आले. नवरा, चुलत सासरे आणि आणखी दोघं. पलंगाखालीच सतरंजी टाकली होती. चुलत सासऱ्यांनी खांबावर थाप मारली, मजबूत काम आहे म्हणाले, पोराबाळांसाठी का, असं विचारलं. एक वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. हा तिचा पलंग आहे, ती येणार नाही. कंपनीच्या बसमध्ये वीस वेळा म्हणून झालं होतं.

"व्हय, म्हंजे... असंच," मी म्हणालो.

असंच! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. संसारात थोडंफार होतंच, असं म्हणून त्यांनी पुढचं ठरवायला घेतलं. आईनं खण-नारळाचं ताट आणलं. बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं टक लावून बघत होती आणि मी फरशीकडं.

बहीण शिडी चढून वर गेली. काहीतरी घ्यायला गेली असेल, असं सगळ्यांना वाटलं. ती येईना. चुलत सासऱ्यांनी हाक मारली, तरी येईना. मग नवरा हसत उठला, दोन पायऱ्या चढला आणि मनगट धरायला हात पुढं केला. तिच्या मागं भिंत होती.

"उतरा खाली," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "ही माझी जागा हाय."

त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मी उठलो, आणि तो उतरेपर्यंत शिडी धरून उभा राहिलो.

ते गेले. चहा तसाच राहिला. आई ताट मांडीवर घेऊन बसून होती. मग वरून आवाज आला, "दादा, इथं वर एक प्लग पॉइंट काढून दे. मोबाईल चार्जिंगला लावायचा म्हणलं की दर वेळी खाली उतरावं लागंल."

मी हो म्हणालो आणि चपला घालून कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, वायर किती मीटर देऊ. भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मी काउंटरला धरून रडत उभा राहिलो.