झालं का दर्शन?

आमच्या गल्लीतले गिरणीवाले दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचे. त्या दिवशी गिरणी त्यांची बायको सांभाळायची. एरवी दळतानाही त्यांचं नामस्मरण चालू असे. गिरणीच्या घरघरीत शब्द ऐकू येत नसत. पिठानं पांढऱ्या झालेल्या मिशा तेवढ्या हलत.

दिवाळीनंतर या गिरणीवाल्या वहिनी वारल्या. पुढच्या पौर्णिमेला मी ज्वारी घेऊन गेले, तर गिरणी उघडी आणि गिरणीवाले एकटेच बसलेले.

"आज वाडीला गेला न्हाईसा?"

"सकाळी एस्टीत बसलतो की, ताई. सुटायच्या आत उतरलो."

"का वो? गिरणी एक दिवस बंद ऱ्हायली असती."

"गिरणीचं काय न्हाय." त्यांनी माझा डबा उचलला. "पर घरात पाय ठेवल्यावर 'झालं का दर्शन?' म्हणून इचारणार कोण?"